गेलेलं जंगल मोजायचं कसं?

पश्चिम घाटात १९२०च्या सुमारास ९५,४४६ चौरस किलोमीटर जंगल होतं. १९७५मध्ये ते ६३,१२३ चौरस किलोमीटर उरलं. १९८५मध्ये ६२,२८६, १९९५मध्ये ६१,५५१ आणि २०१३मध्ये ६१,५११. सी. सुधाकर रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेले हे आकडे. ते वाचताना माझी नजर दर वेळी पहिल्या दोन संख्यांच्या मधल्या जागेवर थांबते. पंचावन्न वर्षांत ३२ हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल गेलं आणि पुढच्या अडतीस वर्षांत सोळाशे. म्हणजे आधी वर्षाला सरासरी ५८८ चौरस किलोमीटर, नंतर वर्षाला ४२.

आता दुसरी एक तारीख याच्या शेजारी ठेवू. जमिनीचा सातत्याने अभ्यास करण्यासाठी बनवलेला पहिला उपग्रह अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी सोडला. त्यालाच पुढे लँडसॅट-१ हे नाव मिळालं. १९२० ते २०१३ या नऊ दशकांत आपल्या डोंगरांवरचं जेवढं जंगल गेलं, त्यातले शंभरापैकी पंचाण्णव भाग जंगल उपग्रहाची चित्रं हाती येईपर्यंत जाऊन चुकलं होतं. फक्त उपग्रहांच्या भरवशावर पश्चिम घाटाची हकिकत सांगायला बसलो, तर ती जवळपास न हललेल्या जंगलाची हकिकत होईल. मोजणी कुठल्या वर्षापासून सुरू केली, यावर नुकसान किती हे ठरतं. म्हणून अवकाशात जाण्याआधी कागदाकडे वळायला हवं.

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालचा. विल्यम लॅम्ब्टनने १८०२मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं आणि पुढच्या काही दशकांत देशभर त्रिकोणांचं जाळं पसरलं. त्या जाळ्यात बारकावे भरण्याचं काम मात्र विसाव्या शतकातही चालूच होतं. पावसाळा सरला की सर्वेक्षकांच्या तुकड्या डोंगरात जात, उन्हाळ्याच्या अखेरीस परत येत आणि पावसाळ्यात कचेरीत बसून पत्रकं पुरी करत. तिपाईवर लाकडी फळी, तिच्यावर ताणलेला कागद, दुर्बिणीची किंवा साधी पट्टी. समोर दिसणारं शिखर, देऊळ, नदीचा संगम यांच्याकडे रोखून रेषा मारायच्या. या पद्धतीला प्लेन टेबल म्हणतात. सह्याद्रीच्या कड्यांवर हे काम करणारे बहुतेक लोक भारतीय होते आणि त्यांची नावं पत्रकावर येत नसत.

१९०५नंतर ही पत्रकं रंगीत छापली जाऊ लागली. पुण्याचं पत्रक ४७ एफ/१४. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हे क्रमांक पाठ असतात. या पत्रकांवर, म्हणजे टोपोशीटवर, झाडीला हिरवा रंग दिलेला असतो आणि त्यावर बारीक अक्षरांत शेरेही असतात: ‘डेन्स मिक्स्ड जंगल’, ‘फेअरली डेन्स जंगल’, ‘ओपन स्क्रब’. शंभर वर्षांपूर्वी त्या उतारावर काय उभं होतं, याची प्रत्यक्ष पाहणाऱ्याने दिलेली ही साक्ष आहे. ती मोलाची आहे, पण जंगल मोजणं हा तिचा हेतू नव्हता. लष्कराला वाट हवी होती, महसूल खात्याला हद्दी हव्या होत्या. किती झाडी म्हणजे ‘डेन्स’ हे त्या माणसाच्या अनुभवावर सोपवलेलं होतं.

यात एक मोठा सापळा आहे. टोपोशीटवर तुटक रेषेच्या आत ‘आर. एफ.’ अशी अक्षरं दिसतात, म्हणजे राखीव वन. ही कायद्याची हद्द आहे. तिच्या आत झाडं असतीलच असं नाही आणि तिच्या बाहेर नसतील असंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव वन फारच थोडं होतं; रान होतं ते लोकांच्या मालकीच्या डोंगरउतारांवर. ज्याने कचेरीतल्या नोंदींवरून जंगलाचं क्षेत्र काढलं, त्याच्या हिशेबात कोकणातलं बरंचसं रान आलंच नाही. जे मोजलंच गेलं नव्हतं, त्याची तोडही कुठल्या रकान्यात पडली नाही. हिरवा रंग वाचणाऱ्या अभ्यासकाला ते निदान दिसू शकतं.

कागदावरचा हिरवा रंग उपग्रहाच्या चित्रावर बसवणं हे पुढचं काम. इथे कारागिरी लागते. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या आकृतीवर बेतलेले आहेत. उपग्रह आणि मोबाइलमधलं जीपीएस वेगळी आकृती वापरतात. दोन्हींमधले अक्षांश-रेखांश तसेच जुळवले, तर जागा शेकडो मीटरनी सरकते. शिवाय शंभर वर्षं घडीत राहिलेला कागद आकसतो, ताणला जातो. त्यामुळे स्कॅन केलेल्या नकाशावर न हललेल्या खुणा शोधाव्या लागतात: किल्ल्याचा बुरूज, जुना पूल, डोंगरमाथ्यावरचं त्रिकोणमितीय ठाणं, घाटातलं देऊळ. नदीचं पात्र टाळलेलं बरं, ते स्वतःच जागा बदलतं. अशा खुणांच्या आधारे संगणक कागद ताणून जागेवर बसवतो.

तरीही थोडी चूक उरतेच आणि तिचा परिणाम कल्पनेपेक्षा मोठा असतो. १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५० मीटर. अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ सव्वाशे मीटर जागा खाते. समजा, घाटमाथ्यावर दोन किलोमीटर रुंदीचा जंगलाचा पट्टा आहे आणि नकाशा २०० मीटर पूर्वेला सरकून बसला. मग एका कडेला १० टक्के जंगल तुटलेलं दिसेल आणि दुसऱ्या कडेला तेवढंच नवं उगवलेलं. प्रत्यक्षात एक फांदीही हललेली नसेल. म्हणून बदलाचा नकाशा हाती आला की मी आधी कडा पाहतो. तोड जर सगळीकडे एकाच दिशेच्या कडेला, सारख्याच रुंदीची दिसत असेल, तर कुऱ्हाडीआधी नकाशाची जुळणी तपासावी.

लँडसॅट-१ आकाशात गेला आणि नोंदींचं स्वरूपच बदललं. एका चित्रात १८५ किलोमीटर रुंदीचा पट्टा, दर १८ दिवसांनी तीच जागा पुन्हा. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. उपग्रह हे दोन्ही वेगवेगळे मोजतो आणि त्यांच्या तफावतीवरून पानोळा किती दाट आहे याचा अंदाज करता येतो. छापताना अवरक्ताला लाल रंग देण्याची प्रथा पडली, त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात महाबळेश्वर-कोयनेचं रान गडद लाल दिसतं आणि कोयनेचा शिवसागर जलाशय जवळजवळ काळा.

चित्र कधी घेतलं, हे इथे फार महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ढग असतात. मार्च-एप्रिलमध्ये आकाश स्वच्छ असतं, पण पानगळीचं जंगल निष्पर्ण असतं. साग, ऐन, किंजळ उभे असले तरी अवरक्ताच्या लेखी ती जागा उघडी. म्हणून पावसाळा संपल्यावरचे, पानं झडण्याआधीचे महिने निवडतात. एका वर्षाचं चित्र नोव्हेंबरचं आणि दुसऱ्या वर्षाचं मार्चचं घेऊन कोणी तुलना केली, तर तिच्यात नुसता ऋतूच मोजला जाईल.

शिवाय डोळा किती बारीक, हा प्रश्न. लँडसॅट-१चा एक ठिपका जमिनीवर सुमारे ७९ मीटर लांबी-रुंदीचा होता, म्हणजे जवळजवळ दीड एकर. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरीच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. त्यातल्या कितीतरी देवराया एखाद्या एकराच्या. लँडसॅटसाठी अशी देवराई भोवतीच्या माळात विरघळून जाते. ती तुटली तरी चित्रात काही फरक पडत नाही आणि राखली तरी पडत नाही. पुढे १९८२पासून लँडसॅटचा ठिपका ३० मीटरवर आला. मार्च १९८८मध्ये भारताचा आयआरएस-१ए गेला, २००३मध्ये रिसोर्ससॅट-१. आज युरोपच्या सेंटिनेल-२चा ठिपका १० मीटरचा आहे. डोळा बारीक होत गेला ही चांगलीच गोष्ट, पण लांब पल्ल्याच्या मोजणीत तिने एक अडचण आणली. १९७५च्या ढोबळ चित्रात जे सलग जंगल वाटलं, त्यातली कॉफीची बाग, मोकळं गवत आणि वस्ती नव्या चित्रात वेगळी दिसू लागते. काहीही न तुटता जंगल कमी भरतं. यावर उपाय म्हणजे नवी चित्रं जुन्याइतकी ढोबळ करून मग तुलना करणं, किंवा सगळ्या काळांसाठी एकच मोठी चौकट घेणं. रेड्डींच्या गटाने एक चौरस किलोमीटरच्या चौकटी आखल्या त्या यासाठीच उपयोगी पडतात.

एकाच प्रकारच्या चित्रांतून किती वेगळी उत्तरं निघू शकतात, हे देशाने ऐंशीच्या दशकात पाहिलं. राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने लँडसॅटची चित्रं वाचून सांगितलं की १९७२-७५मध्ये देशाच्या १६.८९ टक्के भूभागावर जंगल होतं आणि १९८०-८२मध्ये ते १४.१० टक्क्यांवर आलं. देश हादरला. मग १९८१मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षणाने १९८१-८३ची चित्रं वाचून १९८७मध्ये आपला पहिला अहवाल काढला. त्यात जंगल साडेएकोणीस टक्के निघालं. फरक पावणेदोन लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे सबंध पश्चिम घाटाच्या क्षेत्रफळाहून जास्त. दोन्हीकडे माणसंच चित्रं डोळ्यांनी वाचत होती. विरळ झाडी, खुरटं रान, झुडपांचा माळ यांना जंगलात धरायचं की बाहेर ठेवायचं, यावर एवढी मोठी जमीन इकडची तिकडे झाली. पुढे दोन्ही संस्थांनी बसून आकडा जुळवून घेतला.

पश्चिम घाटातही असंच आहे. झा, दत्त आणि बावा यांनी २०००मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दक्षिण पश्चिम घाटाच्या सुमारे ४० हजार चौरस किलोमीटरचा अभ्यास मांडला: १९७३ ते १९९५ या काळात २५.६ टक्के जंगल गेलं. रेड्डींच्या आकड्यांत १९७५ ते १९९५ या जवळपास त्याच काळात संपूर्ण पश्चिम घाटातली घट अडीच टक्के आहे. यातला एक अभ्यास खोटा ठरवण्याची घाई करू नये. क्षेत्र वेगळं आहे, दक्षिणेकडे मळ्यांचा रेटा मोठा होता आणि जंगलाची व्याख्या दोघांनी आपापली केली आहे. पण बातमीत यातला कुठलाही एक आकडा एकटाच छापला जातो, तेव्हा वाचकाला अर्धीच माहिती मिळते. कुठल्या हद्दीतलं जंगल, कुठल्या सालापासून, आणि जंगल कशाला म्हटलं, हे सोबत छापलेलं नसेल तर मी तो आकडा वापरत नाही.

जंगल कशाला म्हणायचं, यावर थोडं थांबायला हवं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांचं छत्र १० टक्क्यांहून जास्त असेल, तर ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाडं कुठली, हे पाहिलं जात नाही. आंब्याची बाग, बांबू, रबर, निलगिरी सगळं त्यात येऊ शकतं. २०२३च्या अहवालातलं ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे २१.७६ टक्के, वनाच्छादन या व्याख्येचं आहे. ही व्याख्या लबाडीची आहे असं मी म्हणणार नाही. छत्र मोजण्यासाठी ती ठरलेली आहे आणि छत्र ती नीट मोजते. अडचण पुढे येते. रेड्डींच्या अभ्यासात पश्चिम घाटातल्या जंगलाची सर्वांत जास्त जमीन मळ्यांच्या लागवडीखाली गेलेली दिसली. शेतीचा क्रमांक त्यानंतरचा. म्हणजे इथे जंगल जाण्याची मुख्य तऱ्हाच अशी की हिरव्याच्या जागी हिरवंच येतं. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे मिश्र रान साफ करून रबर लावलं गेलं. पाच-सात वर्षांत ते छत्र धरतं आणि छत्राच्या मोजणीत जागा भरून निघते. त्या डोंगरावरचे वेल, शेवाळं, ढोलीत राहणारे धनेश आणि बारमाही झरा मात्र या मोजणीत आधीही नव्हते आणि नंतरही नसतात.

रबर आणि रान चित्रात वेगळं ओळखता येतं, पण त्यासाठी वर्षातलं एक चित्र पुरत नाही. रबराची पानं हिवाळ्याच्या अखेरीस एकदम झडतात आणि थोड्याच आठवड्यांत नवी फुटतात. सदाहरित रानात असं एकजात होत नाही. महिन्यामहिन्याची चित्रं लावून पाहिली की हा फरक उमटतो. लँडसॅटचा सगळा जुना साठा २००८मध्ये मोफत झाल्यापासून असं काम शक्य झालं. मॅथ्यू हॅन्सन यांच्या गटाने २०१३मध्ये साडेसहा लाखांवर चित्रं वापरून जगभरच्या झाडांच्या छत्राचा वर्षावार नकाशा काढला, तोही त्या मोफत साठ्यामुळेच. त्यांची मोजणी मात्र २०००पासून सुरू होते. पश्चिम घाटासाठी ते फार उशिराचं साल आहे.

ज्या पंचावन्न वर्षांत बहुतेक सगळं घडलं, त्यांच्याकडे परत येऊ. आपल्यापाशी १९२०ची शिल्लक आहे आणि १९७५ची आहे. मधली पासबुकाची पानं कोरी आहेत. वर्षाला ५८८ चौरस किलोमीटर ही नुसती सरासरी. तोड सावकाश होत गेली की एखाद्या दशकात झपाट्याने झाली, हे दोन टोकांवरून कळत नाही. संभाव्य कारणं बरीच माहीत आहेत. दक्षिणेत चहा, कॉफी, वेलदोडा आणि रबराचे मळे वाढले. दुसऱ्या महायुद्धात इमारती लाकडाची मागणी उसळली. १९४२पासून अधिक धान्य पिकवण्याच्या मोहिमेत रान मोडून शेती करण्याला उत्तेजन मिळालं. हिवताप आटोक्यात आल्यावर वायनाडसारख्या भागांत वस्ती चढली. साठ-सत्तरच्या दशकांत कोयना, शरावतीवरचं लिंगनमक्की, इडुक्की ही धरणं उभी राहिली. कोकणात मालकीच्या रानातून कोळसा आणि जळाऊ लाकूड शहरांकडे गेलं. यातल्या कोणाचा वाटा किती, हे ठरवण्यासाठी मधली तारीख हवी.

अशी तारीख देणारा एक साठा आहे आणि तो हेरगिरीतून आला आहे. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेचे कोरोना नावाचे उपग्रह फिल्मवर फोटो काढत. भरलेली फिल्म कुपीतून खाली सोडली जाई, हवाई छत्रीने पॅसिफिकवर उतरत असताना विमान तिला आकडा लावून हवेतच पकडे. १९९५मध्ये यातले आठ लाखांवर फोटो खुले झाले. ते कृष्णधवल आहेत, त्यांत अवरक्त नाही. पण चांगल्या फोटोत दोन-तीन मीटरचा तपशील दिसतो, लँडसॅट-१पेक्षा कितीतरी बारीक. झाडांचे शेंडे, मळ्यांच्या ओळी, नुकतीच साफ केलेली टेकडी ओळखू येते. इतर देशांत जंगलांच्या अभ्यासासाठी हे फोटो वापरले गेले आहेत. सह्याद्रीच्या नेमक्या कुठल्या पट्ट्याचा ढगांविना फोटो सापडतो हे बघून, १९६५च्या आसपासचा एक थर बसवला, तर पंचावन्न वर्षांचे दोन तुकडे होतील. त्यातून निदान १९६५च्या आधीचं आणि नंतरचं नुकसान वेगळं काढता येईल.

१९२० हीदेखील सुरुवात नव्हे. बोरघाटातून १८६३मध्ये रेल्वे चढली; स्लीपरसाठी सागवानाची तोड त्याआधीच सुरू झाली होती. मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांना १८४७मध्ये वनसंरक्षक नेमावं लागलं, ते टंचाई जाणवू लागली म्हणूनच. रेड्डींच्या नकाशातलं पहिलं हिरवं क्षेत्र हे आधीच बरंच तोडलेलं जंगल आहे.

मोजणीतल्या चुकाही उघड सांगायला हव्यात. दोन काळांचे नकाशे प्रत्येकी ८५ टक्के अचूक असतील, तर दोन्ही एकाच ठिपक्यावर बरोबर असण्याची शक्यता ८५ गुणिले ८५, म्हणजे ७२ टक्क्यांच्या आसपास. म्हणून उपग्रहाच्या नकाशातल्या निवडक जागी जीपीएस घेऊन प्रत्यक्ष जावं लागतं. १९२०च्या नकाशासाठी ती सोय नाही. तिथे दुसऱ्या कागदांशीच ताडून पाहावं लागतं.

या मोजणीचे परिणाम घरापर्यंत येतात. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने २०१३मध्ये उपग्रह चित्रांवरून पश्चिम घाटाचे दोन भाग केले: सुमारे ६० टक्के माणसाने घडवलेला, उरलेला नैसर्गिक. नैसर्गिक भागातून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र निवडलं आणि ज्या गावात अशा क्षेत्राचं प्रमाण २० टक्के किंवा जास्त, ते गाव यादीत घातलं. महाराष्ट्रातली २,१५९ गावं त्या यादीत होती. १९ टक्के आणि २१ टक्के यांच्यामधली रेघ चित्र वाचणाऱ्याच्या निर्णयावर सरकू शकते आणि त्या रेघेवर खाण, दगडखाण, मोठं बांधकाम यांचे नियम अवलंबून असतात. गावाला आपली टक्केवारी कशी निघाली, कुठल्या वर्षाच्या चित्रावरून, काजूची बाग त्यात धरली का, हे विचारायचा पूर्ण हक्क आहे आणि तसं उत्तर गावाच्या भाषेत मिळायला हवं.

हे काम आता मोठ्या संस्थांपुरतं उरलेलं नाही. अमेरिकन लष्कराने १९५०च्या दशकात जुन्या भारतीय सर्वेक्षणावरून काढलेली १:२,५०,००० प्रमाणाची पत्रकं टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. लँडसॅट मोफत आहे. संगमेश्वरसारखा एखादा तालुका घेतला, तर हे थर एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला एका वर्षात बसवता येतील. आणखी एक थर महसूल कचेरीतच आहे: जुने फेरफार आणि पीकपाण्याच्या नोंदी. कुठल्या गटातलं वरकस रान कोणत्या साली कोणाच्या नावावर गेलं आणि पुढे त्यावर कोणती लागवड लिहिली गेली, हे त्यांत सापडतं. त्या नोंदी नकाशावर चढवल्या, तर निदान एका तालुक्यापुरती तरी १९२० आणि १९७५च्या मधली कोरी पानं भरता येतील.